पंधरा मिनिटांचा झटका आणि मेंदूचा स्कॅन

सीटी स्कॅनच्या रिपोर्टच्या तळाशी ‘मेंदूत लक्षणीय दोष आढळला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असली की घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. परळच्या रुग्णालयांच्या आसपासच्या, दादरच्या, गिरगावातल्या डायग्नोस्टिक सेंटरांतून ते मोठं पाकीट काखेत मारून लोक रोज बाहेर पडतात. सकाळी चहाचा कप उचलताना उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, बोलणं बोबडं झालं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. दुपारी शेजारच्या मुलाने आग्रहाने स्कॅनला नेलं, संध्याकाळी रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, रात्री वरणभात खाऊन सगळे झोपले. साध्या सीटीला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं: मेंदूत रक्तस्राव नाही. घरच्यांनी ते ‘धोका नाही’ असं वाचलं. या दोन वाक्यांमधल्या अंतरात बरेच पक्षाघात घडतात.

या झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात, पुष्कळ लोक ‘मिनी स्ट्रोक’. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तिच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि गुठळी विरघळली की तो भाग पुन्हा कामाला लागतो. दुखत काहीच नाही, ही यातली मोठी अडचण. छातीत कळ आली तर माणूस टॅक्सी करून केईएम गाठतो. हात अर्धा तास बधिर झाला तर ‘नस दबली असेल’, ‘रात्री त्याच कुशीवर झोपलो होतो’, ‘बीपी वाढलं असेल’. दोन-तीन दिवसांनी फॅमिली डॉक्टरकडे दुसऱ्याच कामासाठी गेल्यावर जाता जाता सांगितलं जातं.

ते दोन-तीन दिवसच मोलाचे असतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या १,७०७ टीआयए रुग्णांचा मागोवा २००० साली प्रसिद्ध झाला. ९० दिवसांत १०.५ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला आणि त्यांतल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. २००७ साली ऑक्सफर्डच्या ‘एक्सप्रेस’ अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. त्याच शहरात, तशाच रुग्णांची तपासणी आणि औषधं त्याच दिवशी सुरू केली तेव्हा ९० दिवसांतल्या पक्षाघाताचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. नवं औषध नव्हतं, नवी शस्त्रक्रिया नव्हती. फक्त उशीर काढून टाकला होता. टीआयएच्या स्कॅनविषयीचा सगळा वाद या आकड्यांच्या उजेडात वाचावा लागतो.

गुठळी आपोआप विरघळते हे चित्रावर दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक मुंबईचं आहे, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नाही. डॉ. पी. एम. दलाल यांनी शहा, शेठ आणि देशपांडे या सहकाऱ्यांबरोबर १९६५ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँजिओग्राफीची निरीक्षणं छापली. आधी बंद दिसलेली मेंदूची रक्तवाहिनी नंतरच्या चित्रांत मोकळी झालेली होती. तेव्हा सीटी नव्हता. सीटीचा जनक हौन्सफिल्ड याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला तो १९७१ साली, लंडनमध्ये. त्या काळी अँजिओग्राफी म्हणजे बहुधा मानेतल्या धमनीत थेट सुई घालून रंगद्रव्य सोडायचं आणि भराभर एक्स-रे काढायचे. रुग्णाच्या जिवाला धोका, डॉक्टरच्या हाताची परीक्षा. १९६८ साली दलालांच्याच चमूने पश्चिम-मध्य भारतातल्या रुग्णांच्या अशा अँजिओग्राफींचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. म्हणजे स्कॅनमध्ये नुसता मेंदू न पाहता त्याच्या नळ्या पाहायच्या, ही दृष्टी या शहरात साठ वर्षांपूर्वीच होती. आज गल्लोगल्ली यंत्रं असूनही ती मधेमधे हरवते.

पूर्वी व्याख्या घड्याळावर होती: लक्षणं २४ तासांच्या आत गेली तर टीआयए, राहिली तर स्ट्रोक. एमआरआयने ती मोडली. डिफ्यूजन, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत डीडब्ल्यूआय, हा एमआरआयचा एक प्रकार पेशींमधल्या पाण्याच्या हालचालीचं चित्र काढतो. रक्त मिळेनासं झालं की पेशी फुगतात आणि त्यांच्यातल्या-त्यांच्याभोवतीच्या पाण्याची मोकळी हालचाल थांबते, संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावर माणसांची थांबते तशी. चित्रात तो भाग पांढरा चमकतो, आणि सोबतच्या एडीसी नावाच्या नकाशावर तोच भाग काळा दिसतो. दोन्ही जुळले तर जखम ताजी. हा ठिपका झटक्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांत दिसू लागतो. साध्या सीटीत तेवढा लहान ताजा भाग बहुतेक वेळा दिसतच नाही. लक्षणं पूर्ण गेलेल्या रुग्णांत डीडब्ल्यूआय केलं तर सुमारे एक तृतीयांश जणांत असा ठिपका सापडतो. चहाचा कप पुन्हा नीट धरणाऱ्या माणसाच्या मेंदूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मेलेला असतो आणि त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००९ साली व्याख्याच बदलली: मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या पडद्याला थोडा वेळ रक्त कमी पडलं पण ऊती मेली नाही, तरच टीआयए. ठिपका दिसला तर तो स्ट्रोक, मग लक्षणं दहा मिनिटं टिकलेली का असेनात.

ठिपका दिसण्या-न दिसण्याने पुढचा धोका फार बदलतो. अनेक केंद्रांतल्या ४,५०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०११ साली आलेल्या अभ्यासात, डीडब्ल्यूआयवर ताजी जखम असलेल्यांपैकी ७.१ टक्क्यांना सात दिवसांत पक्षाघात झाला. जखम नसलेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के होतं. त्याआधी डॉक्टर ‘एबीसीडी२’ नावाचे गुण मांडत: वय साठ किंवा जास्त, रक्तदाब १४०/९० किंवा वर, एका बाजूची ताकद जाणं की नुसती वाचा, किती वेळ टिकलं, मधुमेह आहे का. केसपेपरवर अर्ध्या मिनिटात होणारी बेरीज. पण मानेतली धमनी ८० टक्के बंद असलेल्या पन्नाशीच्या माणसाला यात कमी गुण पडू शकतात आणि त्याला सबुरीने घरी पाठवलं जाऊ शकतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ च्या सूचनांत तर असे गुण वापरून तातडी ठरवू नका असं स्पष्ट सांगितलं.

त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या भुवया उंचावतात. संशयित टीआयएमध्ये साधा सीटी करू नका, दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका असेल तरच करा; आधी तज्ज्ञाने पाहावं, मग गरज वाटल्यास त्याच दिवशी एमआरआय. रुग्णाला ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम संशय येताच द्यावं. अमेरिकेतला २०२३ चा सल्ला वेगळा: आपत्कालीन विभागात सीटी आणि रक्तवाहिन्यांची प्रतिमा लगेच, आणि एमआरआय शक्यतो २४ तासांत. दोन्हीकडचे तज्ज्ञ तेच अभ्यास वाचतात. फरक पडतो तो रुग्ण कुणासमोर आधी उभा राहतो यामुळे. ब्रिटनमध्ये टीआयएच्या स्वतंत्र ओपीडी आहेत आणि २४ तासांत तिथे तज्ज्ञ भेटण्याची व्यवस्था गृहीत धरलेली आहे.

लालबागच्या चाळीतला रुग्ण आधी नाक्यावरच्या डॉक्टरसमोर उभा राहतो. हा डॉक्टर एमडी असेल, होमिओपॅथ असेल, आयुर्वेदाचा असेल. रक्तदाब किती दिवस वाढलेला आहे याची नोंद नसते. डॉ. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईतल्या दीड लाखावर वस्तीत पहिल्यांदाच झालेल्या पक्षाघातांची नोंद केली. ४५६ रुग्ण सापडले, त्यांतल्या जवळपास ८९ टक्क्यांचा सीटी झालेला होता. ८० टक्के रक्तपुरवठा तुटल्याचे आणि सुमारे १८ टक्के रक्तस्रावाचे. पक्षाघात झालेल्या दर सहांपैकी एकाला रक्तस्राव असलेल्या शहरात ॲस्पिरिन किंवा त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल देण्याआधी एक सीटी काढावासा वाटणं चूक नाही. लक्षणं अजून चालू असतील तर तो काढलाच पाहिजे, आणि तेव्हा ती टीआयएची केस राहत नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझा आक्षेप सीटीला नाही, सीटीवर थांबण्याला आहे. त्याच टेबलावर, त्याच वेळी, हातातल्या शिरेत रंगद्रव्य सोडून मानेतल्या आणि डोक्यातल्या धमन्यांची सीटी अँजिओ काढली तर तपासणीचं मोल कैक पटीने वाढतं. किडनी खराब असेल किंवा रंगद्रव्याचं वावडं असेल तर एमआर अँजिओ आहे. डोक्यातल्या धमन्यांसाठी तिला इंजेक्शनही लागत नाही. ती अरुंदपणा थोडा फुगवून दाखवते, हे तेवढं लक्षात ठेवायचं.

रक्तवाहिन्यांचा मुद्दा आपल्यासाठी खास आहे. युरोपीय रुग्णांत दोष बहुधा मानेतल्या कॅरोटिड धमनीत सापडतो, म्हणून तिथल्या पाठ्यपुस्तकांत मानेच्या डॉपलरला मान. ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली कॅरोटिड साफ करण्याचा फायदा १९९१ सालीच सिद्ध झाला, आणि ती शस्त्रक्रिया झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत झाली तर सर्वांत उपयोगी. पण भारतीय आणि पूर्व आशियाई रुग्णांत कवटीच्या आतल्या धमन्याच अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आहे. मानेचा डॉपलर तिथवर पोहोचत नाही. सीटी नॉर्मल, कॅरोटिड डॉपलर नॉर्मल, इको नॉर्मल, आणि मेंदूतली मिडल सेरेब्रल धमनी अर्धीअधिक बंद, अशी फाइल घेऊन फिरणारे रुग्ण न्यूरॉलॉजिस्टना नवे नाहीत. सापडली म्हणून तिथे स्टेंट टाकायची घाईही करायची नाही. २०११ च्या अमेरिकी ‘सॅम्प्रिस’ चाचणीत स्टेंट टाकलेल्यांपैकी १४.७ टक्के जणांना ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू आला, नुसत्या कडक औषधोपचारात ५.८ टक्के. ज्यांना अँजिओप्लास्टी म्हणजे शेवटचा शब्द वाटतो त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. जिथे नळ्या स्वच्छ असतात तिथे नजर हृदयाकडे वळते. आपल्याकडे लहानपणीच्या संधिज्वरातून आलेला झडपेचा आजार अजून आहे, त्यामुळे चाळिशीच्या बाईलाही टीआयए आला तर ईसीजी आणि इको टाळता येत नाही.

आता नकली झटक्यांकडे. तज्ज्ञांकडे टीआयए म्हणून आलेल्यांत बरेच जण टीआयएचे नसतात, आणि स्कॅनचं अर्धं काम त्यांना वेगळं काढण्याचं आहे. सर्वांत स्वस्त तपासणी स्कॅनच्या आधीची: बोटातून एक थेंब रक्त घेऊन साखर. इन्सुलिन घेऊन उपास धरलेल्याची साखर पन्नासवर आली तरी एक हात लुळा पडू शकतो. अर्धशिशीत दिसण्यातला दोष किंवा मुंग्या हळूहळू पसरतात. टीआयए एकदम येतो. फिट येऊन गेल्यावर हात काही तास दुबळा राहतो, आणि आपल्याकडे त्यामागे क्षयाची गाठ किंवा फितीच्या जंताचं सिस्ट असू शकतं. पाश्चात्त्य यादीत ही नावं शेवटी असतील, केईएमच्या ओपीडीत ती पहिल्या काहींत असतात. बाथरूममध्ये घसरून आठवडे झालेल्या आजोबांच्या कवटीखाली साचलेलं जुनं रक्तही टीआयएचं सोंग घेतं. सर्वांत फसवा प्रकार म्हातारपणातला: मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक रक्तवाहिन्यांत अमायलॉइड साठतं, तिथे थोडं रक्त झिरपतं आणि हातातून मुंग्यांची लाट जाते. साध्या सीटीत ते सुटू शकतं. एमआरआयच्या एसडब्ल्यूआय या प्रकारात काळ्या रेघा दिसतात. त्या रुग्णाला टीआयए समजून रक्त पातळ करणारी दोन औषधं एकदम दिली तर आपणच रक्तस्राव ओढवून घेतो. त्यामुळे एमआरआय लिहिताना नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता डीडब्ल्यूआय, फ्लेअर, एसडब्ल्यूआय आणि मेंदू-मानेची अँजिओ असं लिहिलेलं बरं.

तरीही डीडब्ल्यूआय देव नाही. पक्का पक्षाघात झालेल्यांतही शंभरांत सुमारे सात जणांच्या पहिल्या डीडब्ल्यूआयमध्ये काही दिसत नाही. मेंदूच्या मागच्या भागात, ब्रेनस्टेममध्ये, हे प्रमाण बरंच जास्त. एकाएकी तोल गेला, एकाचे दोन दिसले, बोलणं अडखळलं आणि एमआरआय स्वच्छ, अशा माणसाला ‘मान आखडली असेल’ म्हणून सोडणं धोक्याचं. आणि ठिपका कायमचा नसतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयचं ‘नॉर्मल’ उत्तर मागच्या मंगळवारी काय झालं याबद्दल फारसं काही सांगत नाही. अशा वेळी निर्णय पुन्हा रुग्णाच्या कहाणीवर येतो: नेमकं काय गेलं, कुठल्या बाजूचं, एकदम की हळूहळू, किती मिनिटं. हल्ली घरातलं कुणीतरी मोबाइलवर वाकड्या तोंडाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढतं. न्यूरॉलॉजिस्टला तो कित्येक रिपोर्टांपेक्षा उपयोगी पडतो.

यंत्रांची संख्या हा दक्षिण-मध्य मुंबईचा प्रश्न उरलेला नाही. गिरगावातलं जुनं हरकिसनदास रुग्णालय २०१४ साली नव्या इमारतीत, नव्या नावाने उभं राहिलं. परळला गिरण्यांच्या पट्ट्यात मोठी खासगी रुग्णालयं आली. त्यांच्या शेजारी १९२६ पासूनचं केईएम, पलीकडे नायर, भायखळ्याला जेजे. प्रश्न आहे रांगेचा आणि रुग्णाच्या दिसण्याचा. पालिकेच्या रुग्णालयात बेशुद्ध माणूस, अपघातातला माणूस रास्तपणे आधी यंत्राखाली जातो. स्वतः चालत आलेला, स्वतः बोलणारा टीआयएचा रुग्ण तारीख घेऊन परत जातो. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची रचना प्रामुख्याने दाखल रुग्णाच्या उपचारांभोवती आहे, आणि टीआयएचा रुग्ण दाखल व्हायला स्वतःच तयार नसतो. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागचे रस्ते बंद असताना दर्शनाच्या रांगेत आठ तास उभ्या राहिलेल्या बाईला चक्कर आली तर लिंबू सरबत मिळतं. हात जड झाला होता का, हे विचारणारं कुणी नसतं. घरात हृदयरुग्ण असेल तर कुणीतरी त्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतं. ती रक्तदाब खाली आणते, आणि अरुंद धमनीच्या पलीकडच्या मेंदूला तेव्हा नेमका रक्तदाबच हवा असतो.

घाईचीही एक मर्यादा आहे. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन चालू नसतानाही. त्यामुळे दारातल्या तंत्रज्ञाने मंगळसूत्र, केसातल्या पिना, कंबरेचा करगोटा, कवळी, सगळं काढायला लावलं तर वैतागू नये. पेसमेकर असेल तर तो कुठल्या मॉडेलचा आहे याचं कार्ड सोबत हवं. नवे बरेच चालतात, जुने नाही. या भागात आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून किंवा गिरणीच्या मेकॅनिक खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या डोळ्यात तीस वर्षांपूर्वी उडालेला लोखंडाचा कण अजून असू शकतो. तो चुंबकाने हलला तर डोळा जाईल. शंका आली की आधी डोळ्यांचा एक एक्स-रे.

स्कॅनमुळे नव्या काळज्याही घरी येतात. साठीनंतरच्या एमआरआयमध्ये पांढुरके पुंजके जवळपास नेहमीच सापडतात आणि रिपोर्टात त्यांना ‘क्रॉनिक इस्केमिक चेंजेस’ म्हणतात. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, साखर, तंबाखू, जेवणातलं पापड-लोणचं-सुकं यांच्या खुणा त्यात असतात. कालच्या झटक्याशी त्यांचा थेट संबंध नसतो. पण घरचे तेवढीच ओळ अधोरेखित करून तीन डॉक्टरांना विचारत फिरतात, आणि त्याच पानावर वर लिहिलेल्या ताज्या ठिपक्याकडे दुर्लक्ष होतं. ताजा ठिपका किंवा मोठा धोका दिसला तर आज बहुतेक न्यूरॉलॉजिस्ट ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र साधारण २१ दिवस देतात, मग एकच. चीनमधल्या २०१३ च्या ‘चान्स’ चाचणीतून ही पद्धत पक्की झाली. दोन्ही औषधं महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. एकविसाव्या दिवशी एक गोळी बंद करायची आहे, हे चिठ्ठीवर मराठीत, तारखेसह लिहून घ्यावं. आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना छापील रिपोर्टबरोबर सीडीही न्यावी. नवा डॉक्टर दुसऱ्याने लिहिलेलं ‘नॉर्मल’ वाचून थांबत नाही. त्याला ती चित्रं स्वतः पाहायची असतात, आणि सीडी नसली की तोच स्कॅन पुन्हा काढायला सांगण्यात अर्धा दिवस जातो.